होमस्कूलिंगच्या मुलांना स्पीच आणि डिबेटमध्ये उतरवायचंय? सुरुवात अशी करा

घरी जेवताना कुठलाही विषय निघाला की माझी मुलगी आम्हा दोघांना निरुत्तर करायची, त्यामुळे डिबेटमध्ये ती सहज चमकेल असं आम्ही धरूनच चाललो होतो. पहिल्या टूर्नामेंटमध्ये ती चारही राउंड हरली. संध्याकाळी बॅलट हातात आले (बॅलट म्हणजे जज निकालाबरोबर शेरा लिहून देतो तो कागद) आणि एका जजनी लिहिलं होतं, "आवाज छान आहे, मुद्देही आहेत, पण समोरच्याने तीन मुद्दे मांडले आणि तू एकालाच उत्तर दिलंस. उरलेले दोन मला त्यांच्या बाजूने धरावे लागले."

तो कागद मी अजून जपून ठेवलाय, कारण त्यातून मला आमच्या घराबद्दलच कळलं. घरी तिचं अर्धं वाक्य ऐकून आम्ही पुढचं समजून घ्यायचो, आणि आमचं पूर्ण ऐकून घ्यायची वेळ तिच्यावर कधी यायचीच नाही. होमस्कूलिंगच्या मुलांकडे वाचायला वेळ असतो, एकाच विषयात महिनाभर बुडून जायची सवय असते, मोठ्या माणसांशी बोलताना ती बुजत नाहीत, हे सगळं डिबेटला फार कामाचं आहे. कमी पडतो तो परका माणूस. म्हणजे तिला न ओळखणारा श्रोता, आणि तिचं म्हणणं खोडून काढायलाच समोर बसलेला तिच्याच वयाचा कुणीतरी. खाली जे काही सांगतेय ते सगळं हा परका माणूस घरात कसा आणायचा यासाठीच आहे असं समजा.

आधी काय, स्पीच की डिबेट?

दोन्ही एकाच टूर्नामेंटमध्ये असतात पण प्रकार वेगळे. स्पीचमध्ये मूल एकटं उभं राहून बोलतं, समोर खोडून काढणारं कुणी नसतं. त्यात स्वतः लिहून पाठ केलेलं भाषण येतं, साधारण १० मिनिटांचं. अमेरिकेतल्या नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशनच्या नियमांप्रमाणे ओरिजिनल ओरेटरीत दुसऱ्याचे उद्धृत शब्द १५० पेक्षा जास्त चालत नाहीत, म्हणजे बाकी सगळं खरंच मुलाचं हवं. मग इंटरप, म्हणजे एखाद्या गोष्टीतला, नाटकातला किंवा कवितेतला भाग सादर करायचा. आणि तिसरा प्रकार ऐनवेळच्या तयारीचा. एक्स्टेम्पमध्ये चालू घडामोडींवरचे तीन प्रश्न चिठ्ठ्यांसारखे उचलायचे, त्यातला एक निवडायचा, ३० मिनिटं तयारी आणि मग ७ मिनिटं भाषण. इम्प्रॉम्प्टूमध्ये तर तयारीला दोनचारच मिनिटं मिळतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी एक पाठ केलेलं भाषण आणि डिबेटचा एकच फॉरमॅट, एवढंच घ्या. चार इव्हेंट घेऊन एकही नीट न येणं हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. मूल फारच बुजरं असेल तर इंटरपपासून सुरू करा, कारण शब्द दुसऱ्याचे असतात, आपलं काहीतरी चुकेल ही धास्ती कमी होते आणि लोकांसमोर उभं राहायची सवय मात्र लागते. वयाची घाई करू नका. होमस्कूल लीगमध्ये साधारण १२ ते १८ वर्षांची मुलं उतरतात, त्याआधी घरी गोष्ट सांगणं आणि मोठ्याने वाचणं पुरे आहे.

खेळायचं कुठे

होमस्कूलिंगच्या मुलांच्या स्वतःच्या लीग अशा मुख्यतः अमेरिकेत आहेत. एनसीएफसीए ही १९९० च्या दशकात सुरू झालेली आणि स्टोआ ही २००९ पासूनची, दोन्ही ख्रिश्चन संस्था आहेत, सदस्य होण्याआधी त्यांच्या अटी वाचून घ्या. नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन ही १९२५ पासूनची, मुख्यतः शाळांची, पण तिथेही होमस्कूल मुलांना वाट आहे. बाकी जगात बऱ्याच ठिकाणी वर्ल्ड स्कूल्स फॉरमॅट चालतो, १९८८ पासून त्याची जागतिक चॅम्पियनशिपही होते. आणि आता ऑनलाइन टूर्नामेंट इतक्या असतात की क्लब लांब आहे ही अडचण पूर्वीएवढी राहिली नाही.

टूर्नामेंट सापडली की फॉर्म भरण्याआधी आयोजकांना सरळ मेल टाका. शाळेशिवाय स्वतंत्र एंट्री घेता का, वयाचा पुरावा काय लागतो, सोबत मोठं माणूस किती वेळ थांबायला हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जज आम्ही द्यायचा का? बहुतेक ठिकाणी जेवढी मुलं आणाल त्या प्रमाणात जज द्यावे लागतात आणि शाळेकडे शिक्षक असतात तसं आपल्याकडे कुणी नसतं, म्हणजे तो जज तुम्हीच. याला घाबरू नका, उलट पहिल्या दिवशीच बसा. स्वतःच्या मुलाला जज करायला देत नाहीत, दुसऱ्यांच्या मुलांचे पाचसहा राउंड ऐकलेत की जजच्या खुर्चीतून काय पटतं आणि काय नुसतंच कानावरून जातं ते जेवढं कळतं तेवढं कुठल्याच पुस्तकातून कळत नाही.

फॉरमॅट निवडताना

नावं बरीच ऐकायला मिळतील, गोंधळून जाऊ नका, भागातल्या टूर्नामेंटमध्ये जो चालतो तोच निवडा. तरी अंदाज यावा म्हणून सांगते.

पॉलिसी हा दोघांच्या टीमचा, एकच विषय वर्षभर, पुराव्यांचा डोंगर. ८ मिनिटांची चार मुख्य भाषणं, प्रत्येकानंतर ३ मिनिटं उलटतपासणी, मग ५ मिनिटांची चार रिबटल (समोरच्याचे मुद्दे खोडून काढायची भाषणं), म्हणजे तयारीचा वेळ सोडूनच ६४ मिनिटं. एका विषयात खोल जायला आवडणाऱ्या मुलांना हा मानवतो.

लिंकन-डग्लस एकास एक. नाव १८५८ मधल्या लिंकन आणि डग्लस यांच्या सात जाहीर वादांवरून आलंय. यात न्याय, स्वातंत्र्य अशा मूल्यांवर भर. वेळेची विभागणी बघण्यासारखी आहे: अनुकूल बाजूला ६, ४ आणि ३ मिनिटं, प्रतिकूलला ७ आणि ६, दोघांची बेरीज १३ च. पण त्यामुळे अनुकूल बाजूच्या मुलाला समोरच्याच्या ७ मिनिटांना ४ मिनिटांत उत्तर द्यावं लागतं, आणि नवीन मुलं हरतात ती बहुतेक याच चार मिनिटांत. सरावाचा निम्मा वेळ या एका भाषणावर घालवला तरी वाया जात नाही.

पब्लिक फोरम दोघा-दोघांचा, भाषणं ४ मिनिटांपासून २ मिनिटांपर्यंत छोटी, मधे क्रॉसफायर, म्हणजे दोन्हीकडचे एकमेकांना प्रश्न विचारतात. सामान्य माणसाला समजावं म्हणूनच हा फॉरमॅट काढलाय, त्यामुळे सुरुवातीला मी हाच सुचवते. वर्ल्ड स्कूल्समध्ये दोन्हीकडून तीन-तीन वक्ते, प्रत्येकी ८ मिनिटं आणि शेवटी ४ मिनिटांचं रिप्लाय. भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधे समोरचे उठून मुद्दा विचारू शकतात. काही मोशन (म्हणजे वादाचे विषय) आधी सांगतात, काहींना फक्त एक तास तयारी.

बोलायला नंतर शिकवा, फ्लो आधी

इथे मी जरा थांबणार आहे, कारण मला कुणी एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन. फ्लो म्हणजे राउंड चालू असताना मुद्द्यांची नोंद घ्यायची पद्धत. कागद आडवा धरायचा, जेवढी भाषणं तेवढे उभे कॉलम, आपल्या बाजूला एक रंगाचं पेन आणि समोरच्यांना दुसऱ्या रंगाचं. एका मुद्द्याचं उत्तर बरोबर त्याच्यासमोर पुढच्या कॉलममध्ये, त्याचं उत्तर त्याच्याही पुढे. शेवटी कागदावर आडव्या रेघेत एकेका मुद्द्याचा प्रवास दिसतो आणि जिथे पुढचा कॉलम रिकामा, तिथे तो मुद्दा ड्रॉप झाला. माझ्या मुलीचे ते दोन मुद्दे म्हणजे असे दोन रिकामे चौकोन होते.

समजा मोशन आहे, प्राणिसंग्रहालयं बंद करावीत. अनुकूल बाजू पहिल्या कॉलममध्ये: "१. बंदिस्त प्राणी, ताण, एकाच जागी फेऱ्या." "२. शिक्षण होत नाही, फक्त करमणूक." प्रतिकूल दुसऱ्या कॉलममध्ये पहिल्यासमोर काहीच बोलत नाही, दुसऱ्यालाही नाही, पण खाली नवीन लिहिलं जातं: "अरेबियन ओरिक्स, १९७२ रानातून संपला, बंदिस्त कळपामुळे १९८२ ओमानमध्ये परत." आता तिसऱ्या भाषणाला उठणाऱ्या मुलाच्या हातात कागद आहे. नवखं मूल ओरिक्स ऐकूनच गडबडतं, कारण उदाहरण जबरदस्त आहे आणि खरंही आहे. फ्लो घेणारं मूल आधी बोट ठेवून सांगतं, "आमच्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर आलेलं नाही, ते तसेच उभे आहेत." आणि मग ओरिक्ससमोर लिहितं, "प्रजननासाठी प्रेक्षक लागतात का? प्रजनन केंद्र ठेवू, तिकीट बंद करू." बघा, समोरच्याचा पुरावा खोटा ठरवावा लागला नाही, तो मान्य करूनच त्याची धार काढली. हे सुचायला हुशारी लागते त्यापेक्षा ते उदाहरण कागदावर डोळ्यांसमोर असावं लागतं.

सराव असा करा. पहिले दोन आठवडे मुलाने बोलायचंच नाही. रोज एखाद्या डिबेटचं रेकॉर्डिंग लावा, दहा मिनिटांचं, आणि नुसता फ्लो. पूर्ण वाक्यं लिहायला गेलं की मागे पडतं, म्हणून स्वतःची संक्षिप्त रूपं बनवू दे, वाढलं की वर बाण, घटलं की खाली बाण, पैशाला रुपयाचं चिन्ह, सरकारला "स". रेकॉर्डिंग संपल्यावर तुम्ही न बघता विचारा, त्यांचा दुसरा मुद्दा काय होता, कारण काय दिलं, पुरावा कुठला. कागदावरून सांगता आलं की पुढे. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात कॉलम सरळ यायला लागले, कुणाला जास्त लागतील, चालतं.

केस बांधणं

केस म्हणजे आपल्या बाजूचं तयार लिहिलेलं भाषण. प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी बघा: आपण काय म्हणतोय, का, पुरावा काय, आणि बरं मग त्याने काय बिघडतं किंवा सुधारतं. चौथी गोष्ट मुलं हमखास विसरतात. "ताण येतो" एवढ्यावर थांबतात, कुणाला, किती, आणि तो दुसऱ्या बाजूच्या फायद्यापेक्षा मोठा का, हे सांगत नाहीत, आणि जज दोन्हीकडचं तोलायला बसलेला असतो, तुम्ही वजन सांगितलं नाही तर तो स्वतःच्या मनाने ठरवतो.

पुराव्यासोबत कुणी म्हटलं, कुठे, कधी, हे तिन्ही लिहून ठेवायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. मूळ लेख पूर्ण वाचलेला हवा, नुसतं शीर्षक किंवा कुणीतरी काढलेला उतारा चालणार नाही, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो, "हा आकडा कुठल्या वर्षाचा?" एआयकडून केस लिहून घ्यायचा मोह होतो, लीगचे याबद्दल नियम असतात ते वाचा, पण नियम बाजूला ठेवले तरी जो मुद्दा मुलाने स्वतः बांधला नाही तो दुसऱ्या प्रश्नालाच कोसळतो, हे मी जजच्या खुर्चीतून अनेकदा बघितलंय आणि त्या मुलाचा चेहरा बघवत नाही.

दोन्ही बाजूंच्या केस लिहायच्याच. बऱ्याच टूर्नामेंटमध्ये सकाळी अनुकूल तर दुपारी प्रतिकूल बोलावं लागतं. काही आईबाबांना याचा त्रास होतो, आपल्याला न पटणारी बाजू मुलाने का मांडायची म्हणून. मला वाटतं घरात एकाच विचाराची माणसं असतात तिथे तर याची जास्तच गरज आहे. मुलाला सांगा, तू याला मत देत नाहीयेस, हे मानणारी शहाणी माणसं नेमकं काय म्हणतात ते तू त्यांच्याइतकंच चांगलं मांडून दाखवतेयस.

आणि एक, स्पर्धा बहुतेक इंग्रजीत असतात. घरात मराठी असेल तर विषय आधी मराठीत वाद घालून समजून घ्या. जो मुद्दा मराठीत आजीला समजावता येतो तो इंग्रजीत सोपा करता येतो. उलटं केलं की मूल जड शब्द पाठ करतं आणि आत काय आहे ते त्यालाच माहीत नसतं.

चार घरं जमवा

एकट्याने स्पीच होतं, डिबेट होत नाही. तीनचार कुटुंबं शोधा, आठवड्यातून एकदा दोन तास, प्रत्यक्ष नाही जमलं तर व्हिडिओ कॉलवर. पहिला अर्धा तास फ्लो, मग छोटे ड्रिल, मग एक पूर्ण राउंड घड्याळ लावून. ड्रिलमध्ये मला सगळ्यात आवडतं ते असं: एक मूल एक मुद्दा मांडतं, दुसरं उत्तर देण्याआधी तोच मुद्दा स्वतःच्या शब्दांत परत सांगतं, पहिल्याने "हो, हेच म्हणायचं होतं" म्हटलं तरच पुढे. सुरुवातीला मुलं वैतागतात, महिन्याभरात त्यांची उत्तरं नेमकी व्हायला लागतात.

स्वतःच्या मुलाचा कोच स्वतः होऊ नका, जमलं तर मुलं अदलाबदल करा. आईने सांगितलेली चूक ही घरातली कटकट वाटते, तीच मैत्रिणीच्या बाबांनी सांगितली की सल्ला होतो. आणि महिन्यातून एकदा ज्याला डिबेटचं काहीही माहीत नाही असा शेजारी किंवा ओळखीचं कुणी जज म्हणून बसवा, त्यांना एवढंच विचारा, कोण जिंकलं आणि का? टूर्नामेंटमध्येही बरेच जज असेच असतात, कुणाचे तरी आईवडील. त्यांच्यासमोर भराभर बोलून, खास डिबेटमधले शब्द वापरून काही मिळत नाही. मुरलेला जज असेल तर वेग थोडा चालतो, आणि काही ठिकाणी जजना आपल्याला काय आवडतं ते आधी लिहून ठेवता येतं, टॅबरूम या टूर्नामेंटच्या वेबसाइटवर ते वाचायला मिळतं, राउंडआधी नक्की वाचा.

टूर्नामेंटचा दिवस

दोन रंगांची पेनं जास्तीची, भरपूर कोरे कागद, स्वतःचा टायमर, पाणी, खायला काहीतरी, आणि केसची छापील प्रत, कारण लॅपटॉप नेमका राउंडमध्येच बंद पडतो. कपडे साधे, नीटनेटके, आदल्या आठवड्यात घालून बघितलेले. पोचल्यावर आधी खोल्या दाखवून आणा. कुठली खोली, कुठली बाजू, समोर कोण, हे पेअरिंगमध्ये येतं आणि राउंडच्या थोडंसंच आधी येतं, त्यामुळे मुलाला हे स्वतः वाचून स्वतः खोली शोधता यायला हवी, घरीच एकदा दाखवून ठेवा.

आधी सगळ्यांना ठरावीक राउंड मिळतात, त्यानंतर वरच्या काही जणांचा ब्रेक होतो, म्हणजे ते पुढच्या बाद फेऱ्यांत जातात. पहिल्या टूर्नामेंटला ब्रेकचं नावही काढू नका. मुलाला एक लक्ष्य द्या, प्रत्येक राउंडमध्ये एकही मुद्दा ड्रॉप होऊ द्यायचा नाही, बस. राउंड संपल्यावर हात मिळवायचा, जजला थँक यू म्हणायचं, निकालावरून वाद घालायचा नाही. आणि तुम्ही दारातच "कसं झालं, जिंकलीस का" असं विचारू नका, आधी खायला द्या, ती आपणहून बोलेल.

बॅलट घरी आल्यावर

त्याच रात्री वाचू नका. दुसऱ्या दिवशी सगळे बॅलट टेबलावर पसरा आणि शेजारी त्या त्या राउंडचा फ्लो ठेवा. दोन जज उलटसुलट लिहितात, एकाला वेग आवडला आणि एकाला नाही, ते सोडून द्या. दोघातिघांनी एकच गोष्ट लिहिली असेल ती घ्या. मग हरलेला एक राउंड निवडा, फ्लोवरचा रिकामा चौकोन शोधा आणि मुलाला तेच रिबटल परत उभं राहून बोलू द्या, तेवढ्याच मिनिटांत, टायमर लावून. जमेपर्यंत दोनदा, तीनदा. माझ्या मुलीने त्या पहिल्या टूर्नामेंटनंतरच्या मंगळवारी ते ४ मिनिटांचं भाषण पाच वेळा केलं, पाचव्या वेळी तिन्ही मुद्द्यांना उत्तर देऊन झालं तेव्हा टायमरवर अकरा सेकंद शिल्लक होते, आणि तिने विचारलं, पुढची टूर्नामेंट कधी आहे.